बुवांचं निर्जळ नवरात्र

“द्वारके, गादी तू उचललीस?”

दादा विहिरीवरून आंघोळ करून आला होता. पंच्याचं पाणी पायांवर निथळत होतं आणि तो ओटीवरच्या खोलीच्या दारातच थबकला होता. मी चहाचा पेला घेऊन मागे उभी.

“कसली गादी? मी तर आत्ता येतेय इकडे.”

“हळू बोल.”

मी आत डोकावले. खाटेवर गादी होती. वर स्वच्छ धुतलेली चादर, उशीला नवा अभ्रा. पण ही रात्रीची गादी नव्हती. रात्रीची निळ्या पट्ट्यांची होती, मीच झटकून घातलेली. खिडकीतून पाहिलं तर ती आगराच्या टोकाला, पोफळींच्या पलीकडे, दगडी गडग्यावर उन्हात पसरलेली होती. मधोमध मोठा ओला डाग.

“पिशवी सुटली होती?” मी विचारलं.

“पहाटे जाग आली तेव्हा सगळं भिजलेलं. मी आपलं गुंडाळून ठेवलं, म्हटलं आंघोळ करून येतो, तुला सांगतो, गुपचूप धुऊन टाकू. तेवढ्यात कुणी नेली?”

या घरात आम्हा दोघांखेरीज माणूस होतं एकच. गोदाकाकू खांबेटे, ज्यांच्याकडे आम्ही उत्सवापुरते उतरलो होतो.

आता हे सगळं नीट सांगायला हवं. माझा दादा म्हणजे अनंतबुवा फाटक, कीर्तनकार. नारदाच्या गादीवर उभा राहिला की माणसं घरी जायचं विसरत. मी लग्नानंतर वर्षभरातच विधवा होऊन माहेरी आले. रडत बसू नकोस, पेटीला बस, म्हणून त्यानंच मला पेटी शिकवली, आणि मग गावोगावच्या उत्सवांत मी त्याच्यामागे बसू लागले. वहिनी लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. त्याचा संसार म्हणजे एक झांज, एक उपरणं, देव आणि मी.

त्याच्या आतड्याचं दुखणं जुनं. रक्त पडायचं, अंग वाळत चाललं होतं. शेवटी मुंबईला ऑपरेशन झालं. मोठं आतडं काढून टाकलं आणि लहान आतड्याचं तोंड पोटाच्या उजव्या अंगाला बाहेर आणून शिवलं. वर पिशवी चिकटवायची. त्या वाटेला ना वेळ ना काळ. जे येईल ते पातळ, आणि जेवणानंतर काही तासांनी तर पूरच. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, “बाई, पाणी राखून ठेवणारं भांडंच यांच्या पोटातून गेलंय. मीठ-साखरेचं पाणी दिवसभर घोट घोट द्यायचं. रात्री पिशवी भरते म्हणून पाणी तोडाल, तर मूत्रपिंडं जातील, आणि मग माझ्या हातात काही उरणार नाही.”

घरी आम्ही बसवलं होतं सगळं. मोठं जेवण दुपारी, दिवेलागणीला चार घास मऊभात आणि केळं, निजण्याआधी पिशवी रिकामी, मध्यरात्री मी उठवायची. पण कीर्तनकाराची रीत उलटी असते. भरल्या पोटी गाता येत नाही, म्हणून तो जेवतो कीर्तन संपल्यावर, पार रात्री. आणि यजमानाचा मान म्हणजे आग्रह. आदल्याच रात्री, इथे कुडवळ्याच्या रामाच्या उत्सवात, ऑपरेशननंतरच्या पहिल्याच कीर्तनानंतर, भाऊ खांबेट्यांनी पंक्तीत दादाला फणसाची भाजी तीनदा वाढली होती. भाऊ म्हणजे गोदाकाकूंचे धाकटे दीर, उत्सवाचे कारभारी, मनानं मोठे आणि आवाजानं त्याहून मोठे. नाही म्हणायला दादाची जीभ वळली नाही. मी आत माजघरात काकूंजवळ निजले होते. रात्री तो आपला आपणच उठेल म्हणाला होता. उठला नाही.

“काकूंना सांगू या का सरळ?” मी म्हटलं.

“काय सांगशील? की बुवा पोटावर मळाची पिशवी बांधून रामापुढे उभे राहतात?”

“देवाला ठाऊक आहे की.”

“देवाचं नाही गं. देवाला मी रोज सांगतो. भाऊला कळलं तर तो जन्माच्या कीर्तनाला मला उभा करील? गाभाऱ्यासमोर? आणि ही बातमी एका आगरातून दुसऱ्या आगरात जायला कितीसा वेळ लागतो? मग पेटीचा भाता हलवत बस घरी.” त्यानं माझा हात धरला. “माझ्या गळ्याची शपथ आहे, द्वारके. कुणाला नाही.”

मी शपथ घेतली. तो गेला तर मला कोण होतं?

आत काकू चुलीशी बसल्या होत्या. लुगड्याचा पदर खोचलेला, हातांना विहिरीच्या पाण्याचा गारठा. मी पाट ओढून बसले.

“झोप लागली का बुवांना?” त्यांनी विचारलं.

“लागली.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या, आणि निखाऱ्यावर फुंकर घातली. बस्स. गादीचा ग नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, पण राग म्हणू नये, किळस म्हणू नये, काहीच दिसेना.

दुपारी आम्ही देवळातून परत आलो तर दादाचं अंथरूण ओटीवरच्या खोलीतून हलवलेलं. मागच्या पडवीत खाट टाकली होती, आगराच्या दाराशी. खाटेखाली झाकणाची बालदी, उशाशी कंदील. कोपऱ्यात पाण्याचा तांब्या. गादीवर हात ठेवला तर चादरीखाली मेणकापड चरचरलं.

“ओटीवर उकडतं हो,” काकू म्हणाल्या. “इथे वारा येतो.”

दादाचा चेहरा बघवेना. कोकणातल्या घरात मागची पडवी कुणासाठी असते हे त्याला सांगायला नको होतं. आमची आई महिन्याचे ते दिवस तिथेच बसायची, लांबून भाकरी मागायची.

“विटाळशीसारखं बाहेर काढलं मला,” काकू आत गेल्यावर तो म्हणाला. “कळलंय तिला. ओरडली असती तर बरं झालं असतं.”

“अरे, तसं नसेल.”

“मेणकापड घातलंय, द्वारके. लहान पोराखाली घालतात तसं.”

संध्याकाळी, कीर्तनाला अजून अवकाश असताना, काकूंनी त्याच्यासमोर ताट आणून ठेवलं. मऊ गुरगुट्या आटवल भात, वर तूप, एक पिकलं केळं, वाटीत मीठ घातलेली पेज. “बुवा, आत्ताच दोन घास खाऊन घ्या. रात्री जड नको.”

“कीर्तनाआधी मी जेवत नाही.”

“थोडं चालतं. नि पेज तरी घ्या, उन्हाचे दिवस आहेत.”

भाऊ ओटीवर पान लावत बसले होते. ते हसले. “वहिनी, बुवा काय आजारी आहेत होय? आटवल कसला वाढतेस? रात्री पुरणपोळी आहे पंक्तीला.”

आजारी हा शब्द दादाला डसला. त्यानं ताट हातानं बाजूला सारलं आणि म्हणाला, “नाही भाऊ, रात्रीही काही नको. रामाचं नवरात्र आहे. जन्म होईपर्यंत मी अन्न-पाणी सोडलंय. कीर्तनानंतर फक्त तीर्थ घेईन.”

तो हे का म्हणाला, मला कळलं. रात्री पोटात काही नसेल तर पिशवीत काही येणार नाही, गादी भिजणार नाही, आणि कुणाला नाही म्हणावं लागणार नाही. एका वाक्यात सगळ्यांतून सुटका. सबब म्हणून बोलला तो. पण भाऊंनी पान तसंच खाली ठेवलं आणि उठून दादाच्या पायांवर डोकं टेकलं.

काकू उभ्याच होत्या. “पाणीसुद्धा?” त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज मला कसासाच वाटला. “बुवा, तब्येत बघून व्रत करावं. देव काही हट्ट धरत नाही.”

“वहिनी, तू गप,” भाऊ म्हणाले. “साधुपुरुषाला काय शिकवतेस?”

त्या रात्री मध्यंतरात दादाच्या कपाळाला बुक्का लावताना भाऊंनी सगळ्या मंडपाला सांगितलं, की आपल्या बुवांचं नवरात्र निर्जळ आहे. बायका पुढे सरकल्या. कुणी हार घातला, कुणी लेकराला पायावर घातलं. उत्तररंगात तो असा काही रंगला, की पेटीवर माझी बोटं आपोआप फिरत होती. देवाशप्पथ सांगते, मलाही भरून आलं. कीर्तनाचं मला वेडच आहे, आजही आहे, आणि तसं कीर्तन मी पुन्हा ऐकलं नाही.

पहाटे त्यानं मला पडवीत बोलावून पिशवी दाखवली. जवळजवळ रिकामी.

“बघ,” तो म्हणाला. “कोरडी. कशाला ते डॉक्टरचं पाणी नि बिणी.”

“आता पी. उजाडायच्या आत पी. कोण बघतंय?” मी पदराखालून मीठ-साखरेच्या पाण्याचा पेला काढला.

त्यानं पेला हातात घेतला. किती वेळ तो तसाच धरून बसला. मग खाली ठेवला.

“नारदाच्या गादीवर बोललं गेलं ते, द्वारके.”

“तू कुठे बोललास? भाऊ बोलले.”

“मी तिथेच उभा होतो, बुक्का लावून घेत. नाही म्हटलं नाही. जो शब्द त्या जागेवरून लोकांनी ऐकला, तो खोटा करायचा? उद्या मी नामाचं माहात्म्य कुठल्या तोंडानं सांगू?”

“सबबच होती ना ती.”

“होती,” तो म्हणाला. “आता नाही.”

आमच्यासारख्या माणसांनीच असं करावं. दुसरा कुणी असता तर विहिरीवर जाऊन घटाघटा पाणी प्यायला असता आणि वर ढेकर दिला असता. दादा मात्र आपल्याच सबबीला व्रत मानून बसला, आणि मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत असताना माझ्याही आतून कुणीतरी म्हणत होतं, की खरंय, गादीवरचा शब्द आहे.

जन्माला अजून तीन दिवस होते. चैत्राचं ऊन, समुद्राकडून येणारा खारा, चिकट वारा. पिशवी कोरडी कुठली राहायला. पोटात काही नसलं तरी हिरवट पाणी येतच होतं, आणि दर वेळी त्याच्यातलंच काही घेऊन जात होतं. त्याचे डोळे आत गेले. रात्री पोटऱ्यांत असे गोळे यायचे, की तो पंच्याचा बोळा दातांत धरायचा. लघवीला जाऊन आला की मी विचारायची, तो मान फिरवायचा. तीर्थाचा पळीभर घोट तेवढा घ्यायचा. कीर्तनात तो अंध आईबापांसाठी पाणी आणायला गेलेल्या मुलाचं आख्यान लावून बसला होता. घागर बुडते तेव्हाचा आवाज तो तोंडानं काढायचा. आता त्याची जीभ टाळूला चिकटायची, आवाज निघायचा नाही, आणि मंडपातल्या बायका त्याला गहिवर समजून डोळे पुसायच्या.

काकू रोज संध्याकाळी पेज आणून ठेवायच्या आणि रोज ती तशीच उचलून न्यायच्या. एकदा मला माडाखाली गाठून म्हणाल्या, “द्वारका, तुझा भाऊ बरा दिसत नाही गं.”

“व्रत आहे ना, काकू.”

“व्रतच आहे ना?”

माझ्या ओठांवर आलं होतं. दादाच्या गळ्याची शपथ आडवी आली. “हो,” मी म्हटलं.

त्या झाडाला टेकून क्षणभर उभ्या राहिल्या, मग आत गेल्या.

नवमीच्या दुपारी देऊळ फुलांनी गच्च भरलं होतं. दादा उभा राहिला तेव्हा खांबाला एक हात लावून होता. जन्माचं आख्यान त्यानं सांगितलं नाही, जवळजवळ पुटपुटलं. मी पेटीचा सूर उतरवत उतरवत पार खाली नेला तरी त्याचा आवाज तिथे पोचेना. माथ्यावर सूर्य आला, गुलाल उडाला, पाळण्याची दोरी त्याच्या हातात दिली. त्यानं ती ओढली. पाळणा हलला. सगळं देऊळ गात होतं, आणि त्या गर्दीत दादाचे ओठ नुसते हलत होते.

सुंठवडा वाटायला लागले तेव्हा भाऊ पन्ह्याचा मोठा पेला घेऊन आले. “बुवा, सोडा आता पारणं.”

दादानं पेला दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात संपवला. सगळं तसंच उलटून पडलं. मग त्याचे पाय वळले, हाताची बोटं पंजासारखी आखडली आणि तो पाळण्याखालीच कोसळला.

जीप मिळाली. मागच्या बाकावर दादा, त्याचं डोकं माझ्या मांडीवर. भाऊ पुढे. जीप सुटणार तोच काकू आल्या. चप्पल नाही, हातात एक जुनी झोळी. कुणाला न विचारता दादाच्या पायांशी बसल्या.

घाटाच्या पहिल्या वळणावरच वास आला. मी कावरीबावरी होऊन धोतराचा सोगा त्याच्या पोटावर ओढायला लागले. काकूंनी माझा हात बाजूला केला. सोगा सैल केला, सुटलेली पिशवी दोन बोटांनी कडेकडेनं सोडवली, आपल्या झोळीतून मऊ फडकं काढून भोवतीची कातडी टिपली आणि म्हणाल्या, “नवी दे. तुझ्याजवळ असेल.” मी दिली. जीप गचके खात होती, आणि त्या बाईनं ती जशी बसवली, तशी मला ऑपरेशननंतर इतके महिने करून जमत नव्हती. बघायचीही त्यांना गरज पडली नाही. बोटांनाच ठाऊक होतं.

दादा जागा होता. तो काकूंकडे बघत होता.

“काकू,” मी म्हटलं, “तुम्हाला हे कसं…”

“आमच्या ह्यांना होती,” त्या म्हणाल्या. “मुंबईला गिरणीत असताना झालं ऑपरेशन, मग इथेच आणलं. जाईपर्यंत होती. रात्रीचं तेच सगळं. जेवण दिवेलागणीला, आटवल नि केळं, म्हणजे दाट होतं. मागच्या पडवीत खाट, म्हणजे आगराचं दार जवळ. खाली मेणकापड. पहिली झोप झाली की मी उठवायची. नि पेज, मिठाची. पाणी तोडायचं नाही काही झालं तरी.”

पुढच्या बाकावर भाऊ मागे वळून बघत होते. त्यांना दादाकडे बघवेना, खाली बघू लागले. “आमच्या दादाला होतं ते?” एवढंच म्हणाले. आपल्या थोरल्या भावाचं हे, त्या घरात रोजचं येणं-जाणं असूनही, त्यांना कधी कळलं नव्हतं.

दादाचे ओठ फुटले होते. तो मोठ्या कष्टानं म्हणाला, “मग बोलला का नाहीत, काकू?”

काकूंनी फडक्याची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

“तुम्ही लपवत होतात. ह्यांनीही जन्मभर लपवलं, मला सोडून कुणाला कळू दिलं नाही. मला वाटलं, बुवा माणूस, मी बोलले तर माझ्या घरात तुमचा मान जाईल. म्हटलं न बोलता होईल तेवढं करावं.”

“मला वाटलं,” दादा म्हणाला, “तुम्ही मला बाहेर काढलंत.”

काकूंनी त्याच्या पायाला हात लावला आणि सबंध घाट तो तसाच ठेवला.

जिल्ह्याच्या इस्पितळात सलाइनवर सलाइन लावलं. लघवीच्या नळीच्या टोकाला बाटली टांगली होती, तिच्यात थेंब पडेना. दुसऱ्या दिवशी त्याच्या पापण्या सुजल्या, पाय सुजले, छातीत घरघर लागली. तरुण डॉक्टर होता, बिचारा वारंवार येऊन बघत होता. मूत्रपिंडं बंद पडली आहेत म्हणाला. रक्त धुवायचं यंत्र तेव्हा जवळपास कुठेच नव्हतं, आणि मुंबईपर्यंत न्यावं असं काही तो सांगू शकत नव्हता.

“आता पाणी द्यायचं नाही,” तो म्हणाला. “आत जाईल ते सगळं छातीत साचतंय. ओठ ओले करा फक्त.”

आणि दादा पाणीच मागत होता. आतापर्यंत कधी मागितलं नसेल असं, लहान मुलासारखं. “द्वारके, पाणी. व्रत सुटलं ना गं? पाणी दे.” मी कापूस भिजवून ओठांवर फिरवायची. तो कापूसच दातांत धरायचा, सोडायचा नाही. काकू मग त्याच्या कपाळावरून हात फिरवत गोष्टी सांगायच्या, ह्यांच्या, आगराच्या, कसल्याही. एकदा म्हणाल्या, “बुवा, रात्री मी उठवीन हं. तुम्ही निजा.” तो निजला.

तिसऱ्या पहाटे डॉक्टर आला, नाडी धरून बराच वेळ उभा राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “ताई, आता द्या पाणी. मागतील तेवढं द्या.”

मी समजले. काकूही समजल्या. भाऊ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी फुलपात्र भरलं आणि काकूंनी त्याची मान हातावर तोलून धरली. पहिला घोट त्यानं घेतला, दुसराही घेतला. तिसरा ओठांच्या कडेनं खाली आला, गळ्यावरून माझ्या मनगटावर उतरला. मी ओततच राहिले, काकूंनी हात धरेपर्यंत.